करंगळी बधिर होते, मानेचा एमआरआय झालाय, तरी एनसीव्ही करायची का?

करंगळी आणि अनामिका बधिर होतात, एमआरआयमध्ये मानेची झीज निघाली, तरी डॉक्टरांनी एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) लिहून दिली, ती टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय. टाळू नका. मी ही तपासणी रोज करतो. चाळिशीनंतर मानेची झीज काही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही दिसते, त्यामुळे तेवढ्यावरून मानेला दोषी ठरवता येत नाही. कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी अल्नर नस कोपरात किंवा मनगटात दबली, तरी हीच बोटं बधिर होतात.

पुष्कळसं हाताने तपासूनच कळतं. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला सांगून डॉक्टर तो ओढतात. धरून ठेवताना अंगठ्याचं टोकाकडचं पेर वाकलं तर अल्नर नसेचा स्नायू कमजोर झालाय. पंजाच्या मागच्या बाजूला, करंगळीकडे बधिर वाटतं का तेही सांगा. तिथली शाखा मनगटाच्या आधीच फुटते, म्हणून तिथे बधिरपणा असेल तर नस मनगटात दबलेली नसते. बधिरपणा मनगट ओलांडून आतल्या बाजूने कोपराकडे चढत असेल तर मात्र मानेचा संशय घ्यावा.

एनसीव्हीत मनगटाशी, कोपराच्या खाली आणि कोपराच्या वर हलके शॉक देऊन करंगळीच्या बुडाच्या स्नायूवर प्रतिसाद घेतात. कोपरापाशी वेग सेकंदाला ५० मीटरच्या खाली गेला, किंवा कोपर ते मनगट या खालच्या टप्प्यातल्या वेगापेक्षा १० मीटरहून जास्त घसरला, की नस कोपरात दबलीय असं धरतात. कोपर ७० ते ९० अंशांत वाकवलेलंच हवं. हात सरळ असला की नस सैल पडते, टेपने मोजलेलं अंतर तिच्या खऱ्या लांबीपेक्षा कमी भरतं आणि चांगली नसही मंद दिसते. गार हातानेही वेग खोटा कमी येतो. एसीत बसून हात गारठला असेल तर आधी शेकून द्यायला सांगा, संकोच करू नका.

मानेत दाब असेल तर बोट बधिर असूनही करंगळीचा सेन्सरी (संवेदनेचा) प्रतिसाद सहसा चांगला येतो. रिपोर्टमध्ये हा आकडा मी सगळ्यात आधी बघतो.

सुरुवातीला एनसीव्ही नॉर्मलही येऊ शकते. तेव्हा कोपराची सोनोग्राफी करतात, सुजलेली नस त्यात दिसते.

आणि कोपराच्या जरा वर नस दोरीसारखी जाड लागते का, अंगावर कुठे बधिर चट्टा आहे का, हे डॉक्टरांकडून नक्की बघून घ्या. कुष्ठरोग हीच नस धरतो, आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.