थंडीतले खुराडे : वारा अडवा, ओल बाहेर जाऊ द्या

प्रश्न : निफाडजवळ मळ्यात आमच्या २५ गावरान कोंबड्या आहेत. कडाका वाढला म्हणून खुराडे चारी बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदाने बंद केले. आता पहाटे आत उग्र वास येतो, कोंबड्या घरघरतात. काय चुकले?

उत्तर : कागद थेट पत्र्यापर्यंत नेला, तिथेच चुकले. पिसे भरलेली मोठी कोंबडी कोरडी असेल तर निफाडची थंडी सोसते. ओल आणि अंगावर येणारा वारा तिला सोसत नाही. श्वासातली आणि विष्ठेतली वाफ रात्रभर वर चढते, गार पत्र्याला लागून तिचे थेंब होतात आणि ते खाली अंथरलेल्या तुसाच्या गादीवर ठिबकतात. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. घरघर बहुतेक त्यानेच सुरू झाली आहे.

कागद काढा, गोणपाटाचे पडदे लावा. पडदा खाली पक्का बांधायचा आणि वरून उघडायचा. वरची फूटभर जागा रात्रीही मोकळी ठेवा, मात्र बसायची दांडी त्या फटीसमोर नको. दांडी दोन इंच रुंद, चपटी घ्या, म्हणजे बसल्यावर पायाची बोटे पिसांखाली झाकली जातात.

गादीला भाताचे तूस चार इंच हवे. मूठभर तूस दाबून पाहा. लाडू वळून तसाच राहिला तर गादी ओली आहे. मूठ उघडल्यावर हळूहळू सुटला तर ठीक. ओला थर उचलून नवे तूस टाका आणि १०० चौरस फुटांना किलोभर चुन्याची भुकटी मिसळा. नाकातून पाणी येत असेल, डोळे सुजले असतील किंवा मरतुक दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.

प्रश्न : ५० पिल्ले आणली, बल्बही लावला. तरी सकाळी कोपऱ्यात ढीग होऊन सहा मेली.

उत्तर : बल्ब एलईडी असेल तर तो उजेड देतो, ऊब जवळजवळ नाही. पिलामागे दोन वॉट धरून ६० वॉटचे दोन जुन्या पद्धतीचे, तारेचे बल्ब लावा. एक गेला तरी दुसरा राहतो. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट हवे, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी करा. पत्र्याचा दीड फूट उंच, साडेचार फूट व्यासाचा गोल करा, म्हणजे चेंगरायला कोपराच उरत नाही. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर ऊब कमी, दूर पळाली तर जास्त, एकाच बाजूला सरकली तर कुठून तरी वारा येतोय. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, धुराने सगळीच जातील. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : हिवाळ्यात अंडी का घटतात?

उत्तर : डिसेंबरात आपल्याकडे दिवस साधारण ११ तासांचा असतो. अंड्यावरच्या कोंबडीला किमान १४ तास उजेड लागतो. इथे एलईडी चालेल. तो पहाटे लावा. रात्री दिवा एकदम विझला तर कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही. दर आठवड्याला अर्धा तास वाढवा.

प्रश्न : जाळीच्या आवारात सकाळी केव्हा सोडावे?

उत्तर : दव वाळल्यावर. आधी कोमट पाणी द्या. संध्याकाळी आत घेण्यापूर्वी मूठ-मूठ भरडलेला मका टाका, तो पचताना रात्री अंगात ऊब राहते.