‘बरं आहे’ म्हणणारी मुलं

गेल्या महिन्यात नाशिकच्या सातपूरहून एका शिक्षिकेचा फोन आला. शाळा सुटलेली, दहावीत अडकलेली, लहान वयात कामाला लागलेली मुलं त्यांच्या वर्गात असतात. म्हणाल्या, “ताई, ही मुलं माझ्याशी बोलतच नाहीत. कसा आहेस विचारलं की ‘बरं आहे’. घरचं विचारलं की दुसऱ्या दिवशी दांडी. आणि खरं सांगू? उद्या एखादा बोललाच आणि भलतंच काही बोलला, तर मला काय सुधरणार? मी थोडीच समुपदेशक आहे!”

हा प्रश्न मला दर सत्रात कुणी ना कुणी विचारतं. त्याचं उत्तर मला एका मुलाने शिकवलं. इथे त्याला सागर म्हणते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सागर पंचवटीतल्या, अशाच मुलांसाठीच्या आमच्या केंद्रात आला तेव्हा १७ वर्षांचा होता. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा. त्यापुढचा मुलगा गळाला तर त्याच्या दारात सहसा कुणी जात नाही. वडील नव्हते, आई धुणीभांडी करायची. हा मामाबरोबर दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात जायचा. संध्याकाळी पालेभाजीचे लिलाव, मग मुंबईच्या गाड्या भरायच्या, घरी पोचायला रात्रीचा एक. सकाळी आठला वर्गात हजर, पण डोकं बाकावर. सरांनी माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले होते: ‘झोपायला येतो.’

पहिली भेट मी बिघडवली. त्याला टेबलापलीकडे बसवलं, समोर फॉर्म ठेवला. घरी कोण कोण, झोप किती, व्यसन आहे का. उत्तरं ठरलेली: बरं आहे, नाही, माहीत नाही. हात सगळा वेळ टेबलाखाली. दहा मिनिटांनी म्हणाला, “मॅडम, जाऊ?” आणि पुढचे आठ दिवस फिरकलाच नाही. या मुलाला आजवर जेव्हा जेव्हा एकट्याला आत बोलावलं गेलं, तेव्हा त्याला बोलणीच खावी लागली होती. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

हात टेबलाखाली का होते, ते मला केंद्रातल्या मावशींनी सांगितलं. “पोरं त्याला कोथिंबीर म्हणून चिडवतात ना. वास येतो म्हणून.” पुढे कधीतरी ते हात नीट पाहिले. नखांत हिरवट-काळा मळ बसलेला, डाव्या अंगठ्याच्या बुडाशी सुतळीने कापल्याच्या बारीक बारीक रेघा. मला तो वास आवडतो, आणि तसं त्याला सांगावं असं फार वाटलं होतं. बरं झालं नाही सांगितलं. ज्याची लाज वाटते त्याचं कौतुक केलं तरी टोचतं.

तो परत आला त्या सोमवारी मी फाटकापाशीच उभी होते. विचारलं, “काल जुडी कितीला गेली?”

तो थबकला. “कोथिंबीर का मेथी?”

“दोन्ही सांग.”

“कोथिंबीर पडली मॅडम. शेकडा तीनशेपण नाही भेटला.” मग आपणहून म्हणाला, की भिजलेली जुडी हाताला जड लागते पण रात्रभरात पिवळी पडते, व्यापारी नुसती उचलून ओळखतो. मी म्हटलं, “जा, वर्ग सुरू होईल.” गप्पा रंगात आलेल्या असताना मीच आवरलं. यापुढे आपल्याकडून काही काढून घेतील, ही धास्ती त्यामुळे त्याला उरली नाही.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये एक साधी पद्धत वापरतात. ज्या मुलाशी सूर जुळत नाही त्याच्याशी सलग १० दिवस, रोज २ मिनिटं बोलायचं. अभ्यास आणि वागणूक सोडून कशाबद्दलही. मी तेच करत होते. त्याच्या दांड्यांमुळे दहाचे वीस दिवस झाले, एवढंच.

मग मी दोन दिवस प्रशिक्षणाला पुण्याला गेले. परत आले तर सागर फाटकाशी उभा. भाव-बिव काही नाही. “मॅडम, तुम्ही दोन दिवस नव्हत्या.” आवाजात सरळ तक्रार होती. मी न सांगता गेले होते. त्याचे वडीलही न सांगताच गेले होते. सकाळी कामाला म्हणून निघाले ते परत आले नाहीत, अपघात झाला. हे त्याने त्या दिवशी, तिथेच, सायकलचं हँडल धरून सांगितलं. आता मी बाहेर जाणार असले तर आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला सांगते, आणि परतीचा वारसुद्धा सांगते.

हवाई बेटांपैकी कवाईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं केला. त्यांतल्या अतिशय कठीण परिस्थितीत वाढलेल्यांपैकीही साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली. त्यांच्यात आढळलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे त्यांना जीव लावणारं, टिकून राहणारं निदान एक मोठं माणूस होतं. ते आईवडीलच असायचे असं नाही. शेजारी होते, शिक्षक होते.

आता त्या शिक्षिकेची दुसरी भीती. महिन्याभराने सागर म्हणाला, “कधी कधी वाटतं, मी नसतोच तर बरं झालं असतं.” छातीत धस्स होतं, माझ्याही झालं. मी स्पष्ट विचारलं, “जीव द्यावा असं मनात येतं का?” असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी ऐकू शकतंय हे त्याला कळतं. तो म्हणाला, “येतं. करत नाही काही.” मी त्याला सांगितलं की हे मी माझ्या एकटीपाशी ठेवणार नाही, आईशी बोलू, आणि तू सोबत असशील. दुपारी आई आली, दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सिव्हिलच्या मानसोपचार विभागात गेलो. शिक्षकाने उपचार करायचे नसतात. मुलाला एकटं सोडायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, आणि पुढच्या माणसापर्यंत हात धरून न्यायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. आणि १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइनही आहे.

ओळख झाली म्हणून बाकीचं सोपं झालं. झोपेचं कारण कळल्यावर सरांनीच त्याचा वर्ग सकाळी दहाचा केला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी करायची तर पाच विषय लागतात, त्यात एक तरी भाषा हवी. गणित घ्यायलाच हवं असं नाही. नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतो. हे ऐकल्यावर त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, “म्हणजे एका दमात नाही केलं तरी चालतं?” आज त्याचे तीन विषय सुटलेत. गणित मात्र त्याने हट्टाने घेतलंय. अजूनही अधूनमधून बाकावर डोकं टेकतो. मावशी त्याचा चहा झाकून ठेवतात.

हे सगळं मी त्या शिक्षिकेला सांगितलं. सगळा वर्ग एकदम धरू नका, म्हटलं, एकच मूल निवडा. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “एक मुलगी आहे ताई. धाकट्या भावाला घेऊन येते. तो वर्ग सुटेपर्यंत पायरीवर बसून असतो. जून महिन्यापासून येतोय, आणि मी त्याचं नावसुद्धा विचारलेलं नाही.”