वाचकांचे प्रश्न : साठीनंतर परदेशात जाऊन जर्मन शिकावी का?

प्रश्न : माझे वय ६३ वर्षे असून नाशिकमधील एका माध्यमिक शाळेतून मी गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझी मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते. पुढच्या उन्हाळ्यात तिच्याकडे जाईन तेव्हा तेथेच रीतसर वर्गात बसून जर्मन शिकावी, असे मी मनाशी ठरवले आहे. घरची मंडळी मात्र म्हणतात, की या वयात नवी भाषा डोक्यात शिरत नाही. मला हे जमेल का, येथून काही शिकून जावे की तेथेच श्रीगणेशा करावा, आणि विशीतल्या मुलांमध्ये माझा निभाव लागेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्याला नक्की जमेल, मात्र श्रीगणेशा नाशिकमध्येच करून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीतील वर्गात निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी असतात आणि त्यांची सामाईक भाषा नसल्यामुळे शिक्षक पहिल्या दिवसापासून जर्मनमध्येच बोलतात. अगदी कोऱ्या पाटीने गेलेल्या माणसाचे सुरुवातीचे आठवडे सूचना समजून घेण्यातच जातात. जर्मनीसह युरोपातील अनेक देशांसाठी सामाईक असलेल्या अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, हे लक्षात घेता ते आठवडे फार मोलाचे आहेत. मुळाक्षरे, क्रियापदांची रूपे, रोजच्या वापरातील शब्द हा ‘ए१’, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा अभ्यास येथील खासगी वर्गात किंवा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन वर्गात उत्तम होतो.

वयाविषयी घरच्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. नव्या शब्दांना आता अधिक उजळणी लागेल, आणि उच्चार तेथल्या माणसांसारखा होण्याची शक्यता कमी आहे; पण नियम समजून घेणे आणि नेमाने अभ्यास करणे यांत प्रौढ माणूस तरुणांपेक्षा मुळीच मागे नसतो. शिवाय मराठीची शिदोरी आपल्याजवळ आहेच. आपल्याकडे तीन लिंगे आहेत, तशीच जर्मनमध्येही आहेत. अर्थात टेबल तेथे पुल्लिंगी आहे, त्यामुळे प्रत्येक नाम लिंगासह पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. ‘कारण मी थकले आहे’ या वाक्यात आपले क्रियापद शेवटी येते, आणि अशा गौण वाक्यात जर्मनचेही तसेच येते. आपण गणिताच्या शिक्षिका असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पंचेचाळीस म्हणताना आपण आधी पाच आणि मग चाळीस म्हणतो, तसेच जर्मन माणूस ‘फ्युन्फ-उंट-फिअर्त्सिश’, म्हणजे ‘पाच आणि चाळीस’, असे म्हणतो. बेकरीच्या काउंटरवर किंमत ऐकताना इंग्रजीच्या सवयीने आकडा उलटा धरला जातो. म्हणून तेथे मनातल्या मनात मराठीत मोजावे.

खरी अडचण स्मरणशक्तीपेक्षा कानांची असू शकते. वाढत्या वयात उंच पट्टीचे ध्वनी आधी अंधूक होतात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने त्यांतच मोडतात. जाण्यापूर्वी श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी आणि वर्गात शिक्षकांचा चेहरा समोरून दिसेल अशी जागा धरावी. स्टुटगार्टच्या बाजारात स्वाबियन ही तेथील स्थानिक बोली कानावर पडेल, ‘इस्ट’ (म्हणजे ‘आहे’) या शब्दाचे ‘इश’ झालेले ऐकू येईल. त्याने गोंधळून जाऊ नये.

वर्ग निवडताना ‘फोल्क्सहोखशूले’चा विचार प्रथम करावा. ही सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्रे असून तेथे सर्व वयाचे लोक येतात आणि शुल्कही खासगी संस्थांपेक्षा बहुधा कमी असते. नोकरी वा प्रवेशपरीक्षेसाठी धावणाऱ्या तरुणांचे सघन वर्ग फार वेगाने पुढे सरकतात; आठवड्यातून दोन-तीन वेळा भरणारा वर्ग आपल्याला अधिक मानवेल. काही खासगी भाषाशाळा पन्नाशीपुढील विद्यार्थ्यांसाठी वेगळे वर्गही चालवतात.

राहण्याविषयीचा माझा सल्ला मुलीला कदाचित रुचणार नाही. तिच्या घरी दिवसभर मराठीच बोलली जाईल, आणि दुकानात, औषधांच्या काउंटरवर, ट्राममध्ये तीच आपल्या वतीने बोलेल. काही भाषाशाळा जर्मन कुटुंबात राहण्याची सोय करून देतात. निदान पहिले दोन-तीन आठवडे तसे राहावे. ते शक्य नसेल, तर घराबाहेरचे व्यवहार आपणच करायचे, असे मुलीशी आधी ठरवून घ्यावे.

व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. रक्तदाब, मधुमेह यांसारखे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे पॉलिसीत स्वतः वाचून पाहावे.