वीस रुपयांची बाटली, महागडा कॅन की घरची कॉफी?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. रात्री अभ्यासिकेत जागता यावं म्हणून अकराच्या सुमाराला वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली पितो, कधी एक वाजता दुसरी. त्याचा मित्र महागडा कॅन घेतो आणि सांगतो, 'हा भारी कंपनीचा, याने त्रास होत नाही.' मी म्हणते, त्यापेक्षा कॉफी पी. आमच्यात बरोबर कोण? धाकटी दहावीत आहे, तिलाही या बाटलीची चटक लागली आहे. – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, मित्राचं म्हणणं आधी बाजूला काढू. माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. पित्त, धडधड, झोप उडाली म्हणून तिथली मुलं खाली येतात, तेव्हा मी त्यांना पितात ती बाटली घेऊनच यायला सांगते. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत 100 मिलिलिटरमागे किती कॅफीन ते छापलेलं असतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन चालतं, आणि नावाजलेले ब्रँड बहुतेक वरच्या टोकालाच असतात. म्हणजे 250 मिलिलिटरची स्टिंगची बाटली घ्या नाहीतर तेवढाच रेड बुलचा कॅन, पोटात जाणारं कॅफीन 70 ते 80 मिलिग्रॅमच्या घरात. शंभराच्या वर पैसे मोजले म्हणून ते सौम्य होत नाही. खरा फरक पडतो आकारमानाने. अर्ध्या लिटरच्या आसपासचा मोठा कॅन एका बैठकीत संपवला, की दोन बाटल्या प्यायल्यासारखंच झालं.

तुमच्या कॉफीचं म्हणाल, तर चमचाभर इन्स्टंट कॉफी घातलेल्या कपात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफीन असतं, चहाच्या कपात 30 ते 50. आकड्यांत फार अंतर नाही. पण गरम कॉफी घोट घोट प्यायली जाते, गार बाटली दोन मिनिटांत रिकामी होते. शिवाय साखर! साध्या रेड बुलच्या 250 मिलिलिटरच्या कॅनमध्ये 27 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सहा चमचे. कॉफीत किती घालायची हे आपल्या हातात असतं. शुगर फ्री कॅन घेतला तर साखर टळते, कॅफीन तेवढंच राहतं. टॉरिन या घटकाचा कॅनवर मोठा गाजावाजा असतो. ते आपलं शरीर स्वतःच तयार करतं, आणि तरतरी येते ती मुख्यतः कॅफीनमुळेच.

तेव्हा या वादात मी तुमच्या बाजूची आहे, पण रात्री अकराला कॉफीसुद्धा नको. दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि आपल्याला झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा तसाच असतो, फक्त जाणवत नाही. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायला पाच-एक तास लागतात, कुणाला जास्तही. रात्री एकला घेतलेल्या बाटलीतलं अर्धं कॅफीन सकाळी सहाला अंगात असतं. मुलगा दोनला आडवा झाला तरी झोप वरवरची लागते, आणि वाचलेलं पक्कं होतं ते गाढ झोपेतच. राज्यघटनेची कलमं जागून पाठ करायची आणि झोप मोडून घालवायची, याचं मला फार वाईट वाटतं. ही मुलं किती कष्ट करतात ते मी रोज बघते.

त्याला सांगा, कॉफी सकाळच्या नाश्त्यानंतर एक आणि फार तर दुपारी दोनच्या आत एक. रात्री जड पापण्यांनी वाचण्यापेक्षा बाराला झोपून पहाटे उठावं. रोजच्या दोन बाटल्या एकदम बंद केल्या तर दोन-तीन दिवस डोकं ठणकतं, म्हणून आधी रात्री एक वाजताची सोडावी, आठवड्याने अकराची. मेसचा डबा संध्याकाळी उशिरा येत असेल तर पाचला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा दोन केळी खावीत. बरीचशी मरगळ भुकेची असते, आणि तिच्यावर मुलं बाटली उघडतात.

धाकटीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. मुलं, गरोदर आणि स्तनदा मातांनी हे पिऊ नये, असं त्याच बाटलीवर लिहिलेलं असतं. शाळांच्या 500 मीटर परिसरात जास्त कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करू, असं राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत सांगितलं होतं. टपरीवाला विकायचं थांबवेल याची वाट बघू नका, तिला लेबल स्वतः वाचायला द्या. गार काहीतरी हवंच असेल तर ताक आहे, कोकम सरबत आहे. मैदानावरून घामाघूम होऊन आली तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्या. घामाने गेलेलं मीठ एनर्जी ड्रिंकने भरून निघत नाही.

मुलाला मधूनमधून छातीत धडधडतं का, हेही विचारा. होकार आला तर बाटली त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या.