वीज गेली तर आठवडा कसा काढायचा?

प्रश्न : आम्ही स्वीडनमध्ये राहतो. ‘संकट किंवा युद्ध आलं तर’ काय करायचं, ही सरकारी पुस्तिका २०२४ च्या शेवटी टपालाने घरी आली. तेव्हापासून मी थोडं थोडं सामान भरते आहे. नवरा म्हणतो, उगाच घाबरतेस, वेळ आलीच तर भारतात जाऊ. गावाकडे सासूबाईंना तर काही सांगायचीच सोय नाही. काय करू?

उत्तर : सामान भरताय ते योग्यच आहे. ही पुस्तिका पन्नास लाखांवर घरांत गेली आणि तिची पहिली आवृत्ती १९४३ मधली. आठवडाभर आपलं आपण निभवावं, एवढंच तिचं मागणं आहे.

‘भारतात जाऊ’ यावर मात्र विसंबू नका. २०२२ मध्ये युद्धाच्या पहिल्याच दिवशी युक्रेनचं आकाश विमानांना बंद झालं. भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेने तिथे शिकणारी हजारो भारतीय मुलं सुखरूप परत आणली, पण पोलंड-रोमानियासारख्या शेजारी देशांच्या सीमेपर्यंत त्यांतल्या बहुतेकांना कडाक्याच्या थंडीत, मिळेल त्या वाहनाने किंवा पायी जावं लागलं. विमान मिळेपर्यंतचे दिवस ज्याचे त्यालाच काढावे लागतात.

शिवाय संकट म्हणजे युद्धच असं नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज भर दुपारी गेली. कार्डं चालेनात, फोन लागेनात, लोक बॅटरीवरचे रेडिओ शोधत दुकानं पालथी घालत होते.

तुमच्याकडेही शेगडी विजेचीच असणार. मग डाळ-तांदूळ कितीही भरून ठेवा, कुकर लागणार नाही. इथे आपलं कोरडं खाणं कामाला येतं : पोहे, कुरमुरे, मेतकूट, शेंगदाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या. पोहे साध्या पाण्याने भिजवायचे, वर मीठ, लिंबू आणि लोणच्याचा खार. चूल न पेटवता पोटभर होतं. मुलांना हे आत्ताच एकदा खायला घाला, म्हणजे त्या दिवशी नाक मुरडणार नाहीत. दर महिन्याला वाणसामानात एक पाकीट जास्तीचं आणा आणि जुनं आधी संपवा. गॅसची छोटी शेगडी घेतलीत तर बंद खोलीत कधीही पेटवू नका.

पाणी माणशी दिवसाला ३ लिटर धरा. चौघांना आठवड्याला ८४ लिटर होतात. फ्लॅटमध्ये एवढं मावत नसेल तर निम्म्यापासून सुरुवात करा, पण करा. सुटे पैसे धरून थोडी रोकड, रोजची औषधं, बॅटरीवरचा रेडिओ, पासपोर्ट, राहण्याचा परवाना आणि मुलांचे जन्मदाखले एका पिशवीत असू द्या. निळ्या त्रिकोणाची नारिंगी पाटी असलेला जवळचा निवारा मुलांना चालत जाऊन दाखवा. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी ३ वाजता धोक्याच्या भोंग्याची चाचणी होते, हेही त्यांना सांगून ठेवा. नाहीतर पोरं विनाकारण दचकतात.

सासूबाईंपासून लपवू नका. काही झालं आणि तुमचा फोन लागेना, की खरी घालमेल त्यांचीच होणार आहे. त्यांना शांतपणे सांगा : दोन-चार दिवस आवाज आला नाही तर वीज गेली असेल, घरात खायला-प्यायला आहे. दुसऱ्या देशातला एखादा नातलग ठरवून घ्या. जमेल तेव्हा तुम्ही त्याला निरोप द्यायचा, त्याने गावी कळवायचं.

कागदपत्रांची पिशवी नवऱ्याकडे सोपवा. पासपोर्टच्या मुदती तपासताना त्यांनाच कळेल, की भारतात जायचं तरी आधी काय काय हाताशी लागतं.