आता वाचन थांबव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. प्रबंधाची चार प्रकरणं लिहून झाली, पाचवं निम्मं झालंय, आणि तरी 'अजून थोडं वाचून घेते, मग शेवटचं लिहायला बसते' असं तू लिहिलं आहेस. ते वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. आता वाचन थांबव. प्रबंध सादर होईपर्यंत नवा लेख उघडायचा नाही. हातात पडलाच, तर 'प्रबंधानंतर' नावाची एक फाईल करून त्यात टाकून दे. सादर करण्याच्या महिनाभर आधी एकदा नेमका शोध घे, तुझ्या विषयावर थेट काही नवं आलंय का तेवढं बघ, आणि असेल तर दुसऱ्या प्रकरणात एका परिच्छेदात त्याची दखल घे. तेवढं पुरतं.

तुझा अभ्यास कमी पडलाय असं मला मुळीच वाटत नाही. इतकी वर्षं तू प्रश्न उघडत आलीस, आणि आता ते मिटवायचे आहेत. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिल्यात जी सवय उपयोगी पडली, तीच दुसऱ्यात आडवी येते. वाचताना काम चालू आहे असं वाटतं, लिहिताना मात्र आपलं म्हणणं किती ठाम आहे ते उघडं पडतं. म्हणून मन वाचनाकडे पळतं. हुशार मुलांचं तर जास्तच पळतं.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई द ब्रॉयची गोष्ट तुला ठाऊक असेल. पदार्थाच्या कणांनाही तरंगाचे गुणधर्म असतात हा विचार त्याने 1924 साली आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडला. इलेक्ट्रॉनच्या विवर्तनाचा, म्हणजे ते तरंगांसारखे पसरतात याचा, प्रायोगिक पुरावा मिळाला 1927 मध्ये, तोही दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत. 1929 मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुरावा हाती येईपर्यंत तो प्रबंध अडवून बसला असता तर? प्रबंधाने एक म्हणणं नीट, तर्काने मांडायचं असतं. त्या म्हणण्यातून निघणारे सगळे प्रश्न त्याच बाइंडिंगमध्ये सुटायला हवेत असं कुणीच मागत नाही.

आता पाचव्या प्रकरणाबद्दल. तू पाठवलेल्या मसुद्यात असं वाक्य आहे: 'प्रस्तुत अभ्यासातून असे दिसून येते की मुलींच्या शालेय गळतीत अंतर हा घटक महत्त्वाची भूमिका बजावतो.' हे वाक्य कुणीही, काहीही न तपासता लिहू शकलं असतं. तुझ्या तक्त्यांत याहून कितीतरी जास्त आहे. तिथे दिसतं की घरापासून शाळेचं अंतर वाढलं की गळती वाढते, पण वसतिगृहाची सोय असेल तिथे हा संबंध जवळजवळ उरत नाही. मग तसंच लिही. कुठल्या वर्गांपुरतं, कुठल्या शाळांपुरतं, तेही त्याच वाक्यात येऊ दे. निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने तक्त्याचा किंवा मुलाखतीचा क्रमांक टाकून बघ. ज्या वाक्याला क्रमांक सापडत नाही, ते काढून टाक, कितीही आवडतं असलं तरी.

मग पहिल्या प्रकरणातलं संशोधन-प्रश्नांचं पान आणि निष्कर्षाचं पान छापून शेजारी शेजारी ठेव. प्रश्न पाच आणि उत्तरं चार, असं फार वेळा होतं. मधल्या वर्षांत काम वळण घेतं आणि पहिलं प्रकरण जुन्याच जागी राहतं. तसं झालं असेल तर पहिलं प्रकरण बदल. प्रस्तावना शेवटी पुन्हा लिहिण्यात काहीही गैर नाही, उलट तेव्हाच ती धड लिहिता येते. बरेच परीक्षक सारांश, प्रस्तावना आणि निष्कर्ष आधी वाचतात, संदर्भसूचीवरून नजर फिरवतात आणि मग आत शिरतात. त्यांचं पहिलं मत याच पानांवर ठरतं.

एक गोष्ट मला तुझ्या मसुद्यात खटकली आणि ती आजच दुरुस्त कर. तिसऱ्या प्रकरणात 212 कुटुंबं आहेत, तक्ता 4.2 मध्ये एकूण 208. मला कारण माहीत आहे, चार प्रश्नावल्या अर्धवट भरलेल्या होत्या म्हणून तू त्या वगळल्यास. पण हे प्रबंधात कुठेच लिहिलेलं नाही. वगळणं अगदी योग्य होतं. ते न सांगितल्यामुळे मात्र परीक्षकाच्या मनात शंका येते, आणि एकदा शंका आली की तो उरलेला प्रत्येक आकडा त्याच नजरेने तपासतो. एक ओळ घाल, किती वगळल्या आणि का. मग एक अख्खा दिवस फक्त आकड्यांसाठी ठेव: मजकुरातला प्रत्येक आकडा तक्त्याशी, तक्त्यातला प्रत्येक आकडा मूळ डेटाशी. त्या दिवशी भाषा सुधारायची नाही.

मर्यादांचा भाग तू माफी मागितल्यासारखा लिहिला आहेस. 'वेळेअभावी शक्य झाले नाही' हे तीनदा आलंय. मर्यादा म्हणजे तुझं म्हणणं कुठपर्यंत लागू पडतं त्याची हद्द. ती ताठ मानेने लिही: खासगी शाळा अभ्यासात नव्हत्या, म्हणून त्यांच्याबद्दल हा निष्कर्ष काही सांगत नाही. बस.

तुझे मार्गदर्शक सर मसुदा वाचत नाहीत ही तुझी तक्रार मी समजू शकते. पण तू त्यांना एकदम दीडशे पानं पाठवतेस आणि खाली 'कृपया अभिप्राय द्यावा' एवढंच लिहितेस. एकेक प्रकरण पाठव, सोबत नेमके दोन-तीन प्रश्न विचार: वसतिगृहाचा मुद्दा वेगळ्या उपशीर्षकाखाली घेऊ का, मुलाखतींचे उतारे परिशिष्टात टाकू का. उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख लिही आणि तोवर पुढच्या प्रकरणाला लाग. भेट झाली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते चार ओळींच्या मेलने कळव. पुढच्या भेटीत सरांचं मत बदललं, तर तो मेल तुमच्या दोघांच्या उपयोगाचा.

तांत्रिक कामं थोडक्यात सांगते, कारण ती कंटाळवाणी असली तरी अवघड नाहीत. विद्यापीठाची नियमावली आत्ताच वाच: समास, फाँट, प्रमाणपत्रांचे नमुने, किती प्रती. शीर्षकांना वर्डमधल्या स्टाईल्स लाव, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होईल. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेतच, त्यात एक फायदा आहे: एखादा लेख मागे घेतला गेला असेल, तर मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीवरून 2019 पासून झोटेरो त्यावर खूण दाखवतं. ती खूण कुठे दिसते का बघ. साम्य तपासणीच्या (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, ते बघणाऱ्या) अहवालातल्या टक्क्यांनी घाबरू नकोस. त्यात संदर्भसूची, संस्थांची नावं, प्रश्नावलीचा ठरलेला मजकूरही धरला जाऊ शकतो. टक्केवारीपेक्षा प्रत्येक खूण उघडून बघणं महत्त्वाचं. स्वतःच्या छापून आलेल्या लेखातला भाग घेतला असशील, तर त्याचाही संदर्भ दे. आणि फाईलच्या नावात तारीख घाल, रोजची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेव.

रोज किती लिहायचं असं विचारलंस. डोकं ताजं असतं ते दोन तास लिहिण्याला दे, तक्ते आणि संदर्भ थकल्या वेळी कर. उठण्याआधी उद्या कुठून सुरू करायचं ते दोन ओळींत लिहून ठेव. कोऱ्या पडद्यासमोर बसून सुरुवात शोधण्यातच सकाळ जाते. झोप मोडून लिहू नकोस, रात्री दोन वाजता लिहिलेलं तुला सकाळी खोडावंच लागतं. बरोबरीचे पुढे गेले, घरचे 'कधी संपणार' विचारतात, या सगळ्याचा त्रास होतोच, आणि होतो म्हणून तू कमकुवत ठरत नाहीस. घरच्यांना एक तारीख सांग, ते बिचारे तारखेसाठीच विचारतात. मात्र आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर तो नुसता प्रबंधाचा ताण समजून अंगावर काढू नकोस. डॉक्टरांना भेट, आणि मला कळव.

व्हायवाची, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेची, भीती आत्ताच बाळगू नकोस. तिथे प्रश्न बहुधा सरळ असतात: हीच पद्धत का, यात नवं काय, पुन्हा केलंस तर काय वेगळं करशील. ज्याचं उत्तर येत नाही तिथे 'हे मी तपासलेलं नाही' असं शांतपणे सांगता येतं, आणि तुझ्या कामाची हद्द तू नीट लिहिली असशील तर ते सांगणं सोपं जातं. दुरुस्त्या सुचवल्या जातीलच. त्या तक्त्यात मांड: सूचना, काय केलं, कुठल्या पानावर. एखादी पटली नाही तर का नाही तेही तिथेच लिही.

पाचवं प्रकरण शुक्रवारपर्यंत मला पाठव, अर्धवट असेल तरी. शनिवारी वाचते आणि रविवारी फोन करते.

तुझी,
मॅडम