आतड्याचा जुना आजार असलेल्यांनी फ्लूची लस घ्यावी का?

लातूरहून तुम्ही विचारलंय, भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुना आजार) आहे, अझाथायोप्रिन चालू आहे, तर फ्लूची लस चालेल का? चालेल, आणि दरवर्षी घ्यायलाच हवी. स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून अशा पेशंटला फ्लू झाला तर न्यूमोनियापर्यंत जाण्याची भीती जास्त. नुसत्या मेसालामाइनवर (आतड्याची सूज उतरवणारं औषध) असेल तर तेवढी नाही. दंडात टोचतात ती लस मृत विषाणूची असते, त्यामुळे लसीतूनच फ्लू होईल असं नाही. नाकात फवारायची जिवंत लस मात्र भावासाठी नको.

आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची साथ वाढते, त्यामुळे मृगाच्या आधीच टोचून घ्या. घरातल्यांनीही घ्यावी.

खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ताप आला, अंग दुखलं की गल्लीतल्या मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणायची, ही आपल्या मराठवाड्यात घरोघरची सवय. या गोळ्यांनी कोलायटिस उसळू शकतो, पुन्हा रक्ताचे जुलाब सुरू होतात. पॅरासिटामॉल द्या. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या 48 तासांत जास्त गुण देतं, म्हणून अंगावर काढू नका. अझाथायोप्रिन मनाने बंद करू नका, पोटाच्या डॉक्टरांना लगेच फोन करा.